पेरू-चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचा पिसारिता : ओळख, जागा, नोंदी आणि झुडपांचा पट्टा

पाणकणीस

पेरूच्या मध्यापासून चिलीच्या उत्तर टोकापर्यंतच्या कोरड्या किनाऱ्यावर एक छोटा राखाडी पक्षी राहतो. शास्त्रीय नाव झेनोस्पिंगस कॉन्कलर. चिलीत त्याला पिसारिता म्हणतात, पेरूत फ्रिंगिलो आपिसारादो. आपण या धाग्यात पिसारिताच म्हणू.

इंग्रजी-स्पॅनिश पुस्तकांत याच्या वाट्याला चार ओळी येतात आणि त्यात 'नदीकाठची झुडपं' एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर पक्षी सापडत नाही. म्हणून ओळख, जागा, फोटो, नोंदी हे सगळं एका ठिकाणी आणू या. ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते लिहा.

सुरुवात ओळखीपासून. लांबी साधारण १५ सेंमी, त्यात शेपटीचा वाटा बराच. वरून एकसारखा निळसर राखाडी, खालून फिकट राखाडी, पोटाकडे पांढुरका. चोचीच्या मुळाशी आणि डोळ्यापुढे काळा पट्टा, काजळ थोडं पुढे ओढल्यासारखा. पंखावर पट्टी नाही, भुवई नाही, शेपटीत पांढरं नाही. या सगळ्या राखाडीत दोनच गोष्टी उठून दिसतात : पिवळी, बारीक, सरळ, टोकदार चोच आणि पिवळे पाय.

चोच एवढी बारीक की दोर्बिन्यी आणि लाफ्रेनाय या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी १८३७ साली त्याचं वर्णन केलं ते वटवट्यांसारख्या किडेखाऊ पक्ष्यांच्या सिल्विया या प्रजातीत (जीनस). १८६७ साली जर्मन पक्षीशास्त्रज्ञ काबानिसने त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली आणि आजही त्या प्रजातीत हा एकटाच आहे. आता तो टॅनेजर या अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या कुळात मोडतो.

रानजाई

छान धागा. एक अडचण लगेच मांडते. या पट्ट्यातले निम्मे पक्षी राखाडी आहेत. पिवळी चोच आणि पिवळे पाय एवढ्यावर खूण पटवली तर आणखी दोन-तीन पक्षी त्यात बसतात. फसगत नेमकी कशाशी होते ते सविस्तर लिहाल का? आणि पिल्लांचं काय?

पाणकणीस

रानजाई ताई, अगदी बरोबर. फसवणारे पक्षी एकेक करून घेतो.

पट्टशेपट्या सिएरा फिंच (पोर्फोस्पिझा अलाउडिना). नरावर राखाडी रंग, पिवळी चोच, पिवळे पाय, म्हणजे कागदावर सगळं जुळतं. पण चोच जाड आणि शंकूसारखी, पाठीवर गडद रेघा. उडाला की शेपटीत पांढरा पट्टा चमकतो. तो उघड्या, दगडाळ उतारावर जमिनीवर चरतो. झुडपाच्या पोटात शिरून पानं चाळणारा पक्षी हा नव्हे.

दुसरा शोकाकुल सिएरा फिंच. हाही राखाडी, पिवळ्या चोचीचा. नराच्या गळ्या-छातीवर मोठा काळा डाग असतो आणि तो अंगाने भरदार, म्हणून नराशी गल्लत होत नाही. मादी तपकिरी, रेघाळ. तिची गल्लत पिसारिताच्या पिल्लाशी होऊ शकते.

तिसरा राखी कोनबिल (कोनिरोस्ट्रम सिनेरियम). सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण तो त्याच झुडपांत, त्याच उंचीवर आणि तसाच लगबगीने फिरतो. पण तो बराच लहान, सुमारे १२ सेंमी. फिकट भुवई ठळक, पंखावर पांढरा डाग, पोटाकडे पिवळसर झाक, चोच आणि पाय गडद. भुवई दिसली की पिसारिता बाद.

आता पिल्लू. ते राखाडी नसतंच. वरून तपकिरी झाक, छातीवर पुसट रेघा, पंखावर फिकट पट्टीसारखं काही, चोच मळकट. 'पिवळी चोच नाही, म्हणजे पिसारिता नाही' असा निष्कर्ष इथे चुकतो. अशा वेळी बांधा पाहा : अंग सडपातळ, शेपूट लांब आणि टोकाकडे पायरीपायरीने निमुळती, चोच बारीक. त्याच दऱ्यांत बियाखाऊ स्पोरोफिला आहेत. त्यांची चोच आखूड, फुगीर आणि शेपूट तोकडी. बांध्यावरूनच निकाल लागतो, रंगावरून लागत नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक तुलना : वावर राखी वटवट्यासारखा. दाट झुडपात आत-बाहेर, शेपूट झटकत, फांदीच्या टोकाला क्षणभर येऊन परत आत. नजर त्या सवयीने फिरवली तर लवकर दिसतो.

वेडीबाभूळ

यादीत एक राहिला, आणि नावामुळे सगळ्यात जास्त घोळ त्याचाच होतो. राखी फिंच, पिएझोरिना सिनेरिया. हाही राखाडी, पिवळ्या चोचीचा, डोळ्यापुढे काळा. हाही कोरड्या किनाऱ्यावरचाच. पण तो पेरूच्या वायव्येला : तुंबेस, पिउरा, लांबायेके, खाली ला लिबेर्ताद विभागापर्यंत. दोघांच्या मुलखात मोठं अंतर आहे. लिमाच्या दक्षिणेला दिसलेला पक्षी पिएझोरिना म्हणून नोंदवला असेल तर आधी नोंद तपासा.

चोच पाहिली तर शंका उरत नाही. पिएझोरिनाची चोच जाडजूड, वरची कड कमानीसारखी वळलेली. तो जमिनीवर चालतो, धावतो, वाळूवर उघड्यावर येतो. पिसारिता उघड्यावर येणं टाळतो. जनुकांवरच्या अभ्यासात मात्र हे दोघे एकमेकांचे अगदी जवळचे नातलग निघाले. एकच घराणं, उत्तरेच्या भावाने जमीन आणि बिया धरल्या, दक्षिणेच्या भावाने पानं आणि किडे.

पिएझोरिना पाहायचा तर लांबायेकेतलं बोस्के दे पोमाक हे अभयारण्य सोयीचं. ५,८८७ हेक्टरांचं, मुख्यतः आल्गारोबोचं वन. आल्गारोबो म्हणजे प्रोसोपिस पाल्लिदा, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. आपण जिला माळरानं आणि गवताळ कुरणं गिळणारी म्हणून उपटतो, तिची ही बहीण पिउरा-लांबायेकेत मूळची आहे. तिथे तीच वाळू धरून ठेवते. गेली वीस-पंचवीस वर्षं तिथली झाडं मोठ्या प्रमाणावर वाळत आहेत आणि कोळशासाठी तोडही चालू आहे. पिएझोरिना थोड्या उजाड जागीही तगतो, पण त्याच वनातल्या पेरूच्या प्लांटकटर या पक्ष्याची अवस्था वाईट आहे.

खाडीकर

मूळ विषयावर येतो. 'वाळवंटातला पक्षी' हे वर्णन पिसारिताला शोधताना घात करतं. लोक वाळवंटात शोधतात आणि हात हलवत परत येतात.

तिथला भूगोल आधी डोळ्यासमोर आणा. हंबोल्ट प्रवाहामुळे समुद्र थंड. वर उबदार हवेचं झाकण. ढग किनाऱ्याला चिकटून राहतो, पण पाऊस पडत नाही. चिलीच्या उत्तर टोकावरच्या आरिका शहरात पावसाची वर्षाची सरासरी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. १९०३ च्या ऑक्टोबरपासून १९१८ च्या जानेवारीपर्यंत तिथे पाऊस नोंदवलाच गेला नाही. पाणी येतं ते अँडीजमधून, नद्यांनी. प्रत्येक नदी म्हणजे वाळवंटातून गेलेली एक हिरवी चिरी. दोन चिऱ्यांच्या मध्ये कित्येक किलोमीटर नुसती वाळू आणि खडक.

पिसारिता या चिऱ्यांच्या काठच्या झुडपांत राहतो. पेरूत इका, नास्का, माखेस-कामाना, तांबो, मोकेग्वा-इलो, लोकुंबा या दऱ्या. चिलीत युता, आसापा, व्हीतोर, कामारोनेस आणि दक्षिणेला लोआ. त्यातही सगळ्या दरीत नाही. तेसारिया नावाचं, माणसाएवढं किंवा थोडं उंच, राखाडी-हिरव्या पानांचं झुडूप पुराच्या गाळावर दाट वाढतं. पेरूत त्याला पाखारो बोबो म्हणतात. त्याच्या जोडीला चिल्का, म्हणजे बाकॅरिस. पाण्याच्या कडेला पाणकणीस आणि नळासारखं गवत. तेसारिया आणि चिल्का एकमेकांत गुंतलेले असतील, खाली सावली आणि पालापाचोळा असेल, तर तिथे थांबा. नुसत्या बोरूच्या बेटात किंवा नुसत्या पाणकणसात वेळ घालवू नका.

लक्षात ठेवायची खूण : झुडपांचा पट्टा किती लांब आहे यापेक्षा तो किती रुंद आणि किती भरीव आहे ते पाहा. पाटाच्या कडेची एका रांगेची झुडपं दिसायला हिरवी असतात, पण आतून आरपार उजेड दिसतो.

रानजाई

आरिकाच्या आसपास नेमकं कुठे पाहावं? गावात राहून पहाटे निघता येईल अशी जागा सांगा.

खाडीकर

पहिली पसंती युता नदीचं मुख, आरिकापासून उत्तरेला साधारण १० किमी, महामार्गालगत. २००९ पासून संरक्षित क्षेत्र आहे. तिथे समुद्रपक्ष्यांच्या आणि किनारी पाणपक्ष्यांच्या थव्यांकडे लक्ष जातं आणि झुडपं राहून जातात. क्रम उलटा करा. आधी सकाळी झुडपं, मग वाळूचा दांडा. चिखले, कुरव दुपारीही दिसतील, पिसारिता दुपारी दिसणं कठीण.

युताच्या दरीत वर गेलं की शेतं लागतात. नदीच्या पाण्यात मीठ आणि बोरॉन जास्त, म्हणून फळबागा फारशा नाहीत. तिथला खास मका, आल्फाल्फा म्हणजे लसूणघास, कांदा ही पिकं. शेताच्या आणि नदीच्या मधे जिथे काठ तासलेला नाही तिथे शोधा.

आसापाची दरी वेगळी. तिथली सान होसे नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. १९६० च्या दशकात लाउका नदीचं पाणी कालव्याने आणलं आणि दरी ऑलिव्ह, टोमॅटोने भरली. सान मिगेल दे आसापाच्या पुढे जुन्या ऑलिव्हच्या बागा आहेत. कुंपणाच्या झुडपांतून, बागेच्या कडेने पाहा. बागा खासगी आहेत, परवानगी विचारा. 'पेर्मीसो' (परवानगी आहे का) म्हणून दुर्बीण दाखवली तर बहुतेक जण हात करून आत बोलावतात.

पेरूत सोपी जागा म्हणजे आरेकिपा विभागातलं लागुनास दे मेखिया अभयारण्य. १९८४ साली जाहीर झालं, सुमारे ६९० हेक्टर, रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथेही तळ्यांकडे पाठ करून तांबो नदीच्या बाजूची झुडपं पाहायची.

वेळ सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत. दुपारी समुद्रावरचा वारा जोर धरतो, सगळी झुडपं हलत असतात आणि पक्षी खाली बसून राहतात. ढगाळ सकाळ वाईट नाही, उलट अशा दिवशी हालचाल जास्त वेळ टिकते.

सुरंगी

ऑलिव्हच्या बागांत पिसारिता दिसतो यावरून काही जण म्हणतात की शेतीने त्याचं नुकसान झालं नाही, त्याने जुळवून घेतलं. मला तेवढं सरळ वाटत नाही.

जुनी बाग आणि नवी बाग यांत फरक आहे. जुन्या बागेत झाडं मोठी, फांद्या जमिनीपर्यंत लोंबलेल्या, खाली तण, कडेला चिल्काचं कुंपण. तिथे किडे आहेत, आडोसा आहे. नव्या बागेत झाडं छाटून एका खोडावर आणलेली, ठिबकच्या नळ्या, जमीन स्वच्छ, तणनाशक मारलेलं. हिरवाई तेवढीच दिसते, पण त्यात पिसारिताला काहीच नाही. 'ऑलिव्हमध्ये दिसला' एवढी नोंद निरुपयोगी आहे. झाडांखाली काय होतं आणि कुंपण कशाचं होतं ते लिहा.

पक्षी बागेत दिसला म्हणजे तो तिथे वीण करतो असंही नाही. शंभर पावलांवर नदीची झुडपं असतील तर तो फक्त चरायला आलेला असू शकतो. चोचीत किडा घेऊन एकाच दिशेने परत परत जाणारा पक्षी, किंवा नुकतं उडू लागलेलं पिल्लू, हे पाहिलं तरच वीण म्हणा. घरटं शोधायला झुडपात शिरू नका. तेसारियाच्या फांद्या ठिसूळ असतात, माणूस शिरला की वाट पडते आणि त्या वाटेने कुत्रे-मांजरं जातात.

खाडीकर

सुरंगी ताई, पटलं. 'जुनी बाग, नदीपासून चालत जाण्याएवढी जवळ' असं म्हणायला हवं होतं.

छायाधर

फोटोबद्दल. राखाडी पक्ष्याचा फोटो काढताना दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्हीमुळे ओळख चुकते.

एक, रंगाचा समतोल (व्हाइट बॅलन्स). किनाऱ्यावर सकाळी धुकट ढग असतो, चिलीत त्याला कामांचाका आणि पेरूत गारूआ म्हणतात. त्या उजेडात ऑटोवर ठेवलेला कॅमेरा एका फोटोत पक्षी निळा दाखवतो, पुढच्यात तपकिरी. मग लोक पिसारिताच्या फोटोवर पिल्लू आहे की मोठा यावर वाद घालतात. समतोल ढगाळ हवामानावर पक्का करा आणि रॉ फाइल घ्या.

दुसरं, उजेडाचं मोजमाप. मागे उन्हात तापलेली वाळू असेल तर कॅमेरा वाळूवर जातो आणि पक्षी काळा पडतो. अशा वेळी उजेडाची +०.७ ते +१ भरपाई (एक्स्पोजर काँपेन्सेशन) द्या. त्याहून सोपं म्हणजे बिंदू मोजणी (स्पॉट मीटरिंग). पिसारिताच्या पाठीचा राखाडी कॅमेऱ्याच्या मधल्या राखाडीच्या जवळपास बसतो, त्यामुळे पाठीवर मोजलं की भरपाई जवळजवळ लागत नाही. मागे आकाश असेल तर मात्र पोटाखालची सावली सांभाळा.

वेग १/१००० च्या खाली नको, तो बसल्या जागीही शेपूट झटकतो. आयएसओ ८०० ते १६०० धरून चाला. ४०० मिमी भिंग पुरतं, कारण पक्षी दाट झाडीत असतो आणि फार लांबून मधल्या फांद्यांमुळे फोटो येतच नाही. नऊ-साडेनऊनंतर वाळूवरून वाफा उठतात. त्या वेळी लांबचा फोटो मऊ येतो त्याला भिंगाचा दोष समजू नका. जवळ जा किंवा सोडून द्या.

ओळखीसाठी तीन फोटो पुरे : चोच बाजूने, पाय, शेपटीचं टोक.

तांबटवाट

आवाज लावून बोलावता येतो का? झेनो-कांटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणं आहेत.

सुरंगी

येतो की नाही हा प्रश्न नंतरचा. लावावा का, हा आधीचा. या दऱ्यांत झुडपांचा पट्टा कधी कधी शे-दोनशे मीटर लांबीचा आणि पाच-दहा मीटर रुंदीचाच उरलेला असतो. त्यात एक-दोन जोड्या. आवाज लावला की नर आपलं क्षेत्र राखायला उघड्यावर येतो, पिल्लांना भरवणं थांबतं आणि पळून जायला शेजारी दुसरं झुडूप नसतं. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आवाज लावणं आणि तिथे लावणं सारखं नाही.

मी म्हणेन, लावूच नका. ध्वनिमुद्रण आधी घरी ऐकून कान तयार करा. बारीक, तुटक, कोरडी 'चिप्' ऐकू आली की जागच्या जागी थांबा, दहा मिनिटं. झुडपापासून पंधरा-वीस पावलं मागे, सूर्य पाठीशी. बहुतेक वेळा तो स्वतः कडेला येतो.

तांबटवाट

पटलं. मग शांत उभं राहण्याची शिस्त हवी.

नोंदवही

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना होणाऱ्या चुका लिहितो, कारण इथल्या नोंदी पुढे वितरणाच्या नकाशात जातात.

पहिली चूक, अक्षांशाचं उणे चिन्ह. आरिका १८.५ अंश दक्षिणेला आहे. पुणे जवळजवळ तितकंच उत्तरेला. आपल्या हाताला उणे चिन्ह लावायची सवय नाही. युताच्या मुखाचे आकडे उणे १८.४२, उणे ७०.३२ असे आहेत. त्यातलं पहिलं उणे विसरलं तर बिंदू डोमिनिकन प्रजासत्ताकात जाऊन पडतो. जमिनीवरच पडतो म्हणून चूक पटकन लक्षातही येत नाही.

दुसरी, घड्याळ. पेरू आपल्यामागे १० तास ३० मिनिटं, वर्षभर. चिली तिथल्या उन्हाळ्यात ८ तास ३० मिनिटं मागे, तिथल्या हिवाळ्यात ९ तास ३० मिनिटं. पेरूतलं ताक्ना आणि चिलीतलं आरिका यांच्यात रस्त्याने ६० किमीसुद्धा नाही, पण सीमा ओलांडली की घड्याळ एक किंवा दोन तास बदलतं. फोन आपोआप बदलतो, कॅमेरा बदलत नाही. मग फोटोची वेळ आणि यादीची वेळ जुळत नाही, आणि सकाळी सातचा पक्षी फोटोत पहाटे पाचला, अंधारात दिसतो. सीमेवर रांगेत उभं असतानाच कॅमेऱ्याचं घड्याळ लावून घ्या.

तिसरी, लांब यादी. नदीच्या मुखापासून दरीत १५ किमी आत जाऊन एकच यादी केली तर पक्षी कोणत्या पट्ट्यात दिसला ते कळत नाही. एक किलोमीटरच्या आतल्या छोट्या याद्या करा. प्रत्येकीत शेरा : झुडपं कोणती, पट्टा अंदाजे किती मीटर रुंद, काठ तासलेला की नाही, जळालेलं की हिरवं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, न दिसलेल्याची नोंद. चांगला पट्टा तासभर पाहिला, पिसारिता नाही, तर पूर्ण यादी टाकाच. पक्षी कुठून नाहीसा झाला हे फक्त अशाच याद्यांतून कळतं. 'काही विशेष नव्हतं' म्हणून यादी टाकलीच नाही की ती माहिती कायमची गेली.

चिंचपाणी

जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. चिलीत शिरताना एसएजी, म्हणजे त्यांचं शेती-पशुधन खातं, सामान तपासतं. आसापात फळमाशीची धास्ती असल्यामुळे आरिकाच्या सीमेवर जरा जास्तच. फळं, बिया, मध, दूध, मांस यांबाबत नियम कडक आहेत. आपल्या पिशवीत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू, सुकामेवा, हवाबाण हरडे असं काहीबाही असतंच. अर्जावर 'आहे' अशी खूण करा आणि दाखवा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड होतो. बुटांना चिकटलेला चिखल आणि कुसळं आधीच साफ करा.

दुसरं, सीमेजवळ रस्ता सोडून वाळवंटात शिरू नका. १९७० च्या दशकात त्या भागात भूसुरुंग पेरले होते. चिलीने आपल्या बाजूची सफाई २०२० मध्ये पूर्ण केल्याचं जाहीर केलं, तरी पक्षी तिकडे नाहीतच. झुडपं नदीकाठी आहेत.

वेडीबाभूळ

पट्टे नाहीसे का होतात, हा मुद्दा अजून नीट आला नाही.

शेत वाढवायला काठ तासणं हे एक. पेरूत दरवर्षी पावसाळ्याआधी नदीपात्र साफ करण्याची कामं निघतात. जानेवारी ते मार्च अँडीजमधून पूर येतो, शेतं आणि पूल वाचवायला बुलडोझरने गाळ ओढून दोन्ही काठांना बांध घालतात. त्यात तेसारिया मुळासकट जातो. कारण खोटं नाही, पूर खरोखर नासधूस करतो. पण संपूर्ण पट्टा एकाच हंगामात, दोन्ही काठांनी खरवडला तर त्या दरीतल्या पक्ष्यांना जायला जागा उरत नाही. शेजारची दरी ३०-४० किमी वाळवंटापलीकडे. झुडपात राहणारा पक्षी ते अंतर सहज तोडत नसणार.

दुसरं, जाळणं. कापलेली झुडपं आणि शेतातला काडीकचरा काठावरच पेटवतात आणि आग उभ्या पट्ट्यात शिरते.

तिसरं, पाणी. लोआ ही चिलीची सर्वांत लांब नदी, सुमारे ४४० किमी, पण खाली किलाग्वा गावापर्यंत येईतो तिच्यात पाणी थोडं आणि खारट उरतं. वरच्या अंगाला खाणी आणि शहरं तिचं पाणी उचलतात. पिसारिताच्या मुलखाची दक्षिण टोकाची वस्ती अशा नदीवर टेकलेली आहे.

सुरंगी

यावर करता येण्याजोगं आहे, आणि ते महागडं नाही. तेसारिया हे पुराच्या गाळावर सर्वांत आधी येणारं झुडूप. उजेड आणि ओल मिळाली की मुळांतून नवे फुटवे काढत पसरतं. तेव्हा लावण्यापेक्षा न खरवडणं जास्त मोलाचं. एका वर्षी एकच काठ साफ करायचा, दुसऱ्या काठाला १०-२० मीटरचा पट्टा राखायचा, पुढच्या वेळी उलट. राखलेल्या काठातून समोरचा काठ आपोआप भरतो.

जिथे काहीच उरलेलं नाही तिथे खुंट लावता येतात. अंगठ्याएवढी जाड, ५०-६० सेंमी लांब, पानं काढलेली फांदी, दोन तृतीयांश ओल्या गाळात. पूर ओसरल्यावर, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे मुळं धरायला पुढच्या पुरापर्यंत वेळ मिळतो. अंतर मीटरभर. मधे मधे तिथल्या वाळुंजाचे खुंट घाला. तो सालिक्स हुंबोल्तियाना, आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचाच भाऊबंद, आणि तोही खुंटाने सहज जगतो.

बिघडतं कुठे? खुंट पात्राच्या फार आत लावले तर पहिला पूर घेऊन जातो. फार वर लावले तर ओल खाली जाते आणि जून-जुलैपर्यंत वाळतात. जागा ठरवायची खूण म्हणजे हातभर खणल्यावर ओली वाळू लागली पाहिजे. शेळ्या येत असतील तर पहिल्या वर्षी काट्यांचं कुंपण घाला, कोवळे फुटवे त्या शेंड्यापासून खातात. आणि सरळ रांगा नकोत, पुंजक्यांनी लावा. रांगेतून आरपार उजेड राहतो, खाडीकरांनी वर लिहिलंच आहे.

तेसारिया फार वर्षं जगत नाही आणि मोठ्या झाडांच्या सावलीत मरतो. म्हणून एकदा लावून विसरायचं काम नव्हे. पूर थोडाफार फिरू दिला तरच नवा गाळ येतो आणि नवी झुडपं येतात. काठ सिमेंटने बांधला की हे चक्र थांबतं.

रानजाई

शेवटचा प्रश्न. आरिका-ईकीकेच्या बाजूला असताना तामारुगो कोनबिलही पाहता येईल का? तोही लहान आणि राखाडी. पिसारिताबरोबर दिसतो का?

पाणकणीस

दिसला तर गल्लत होणार नाही. तामारुगो कोनबिलची भुवई, गळा आणि शेपटीखालचा भाग तांबूस असतो. या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन १९७२ साली झालं, जॉन्सन आणि मिली यांनी केलं. तो वीण करतो ती पांपा देल तामारुगाल या वाळवंटी पठारावर, तामारुगो झाडांवर. तामारुगो हेही प्रोसोपिसच, भूजलावर जगणारं, आणि आज दिसणारं बरंचसं वन लावलेलं आहे. वीण साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. नंतर तो दक्षिण पेरूच्या डोंगरांत, केन्युआ या उंचावरच्या झाडांच्या झाडीत जातो.

म्हणून बेत ऑक्टोबर-नोव्हेंबरचा करा. आरिकाला दोन सकाळी युता आणि आसापासाठी ठेवा. मग दक्षिणेला पोसो आल्मोंते गावाकडे जा आणि तिथून तामारुगोच्या वनात एक सकाळ. दोन्ही ठिकाणी सकाळच हवी, त्यामुळे प्रवास दुपारी करा. आरिका ते पोसो आल्मोंते सुमारे २७०-२८० किमी, मधे दऱ्यांचे मोठे चढ-उतार आहेत आणि पेट्रोलपंप विरळ, तेव्हा आरिकालाच टाकी भरा. वाटेत कामारोनेस नदीवर कुया हे गाव लागतं. पुलाजवळची झुडपं थांबून पाहाच, पिसारिताची आणखी एक यादी होईल, मग तो दिसो वा न दिसो. पाणी मात्र सोबतचंच प्या. त्या नदीत नैसर्गिक आर्सेनिक फार आहे, लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास.